आडवी बाटली

आमच्या दुसरबीडला ‘जर्मन’ या शब्दाचा अर्थ एकच : पातेले. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तिकडे जर्मनची भांडी म्हणतात. त्यामुळे आमचे चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला निघाले, तेव्हा आमच्या आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, “भांड्याच्या कारखान्यात लागला काय रे?” असे अगदी निरागसपणे विचारले होते. तो पोरगा संगणकावर काम करतो हे तिला पटवायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि पटल्यावर ती एवढेच म्हणाली, “तरी येतानी एक डेग आन म्हना.”

डेग आली नाही, बाटली आली. त्या बाटलीचीच ही हकीकत आहे.

दुसरबीड कुठे, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांना पडणारच. मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिंदखेडराजाच्या अलीकडे आमचे गाव. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचे माहेर; तोच आमचा तालुका. लोणारचे उल्केने झालेले सरोवरही आमच्या शेजारचेच म्हणायचे. आता गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि नागपूर-मुंबईच्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न पाहता सुसाट निघून जातात. मी बँकेतल्या नोकरीच्या निमित्ताने गाव सोडले, पुण्यात घर केले, निवृत्त झालो. पण दिवाळी मात्र आजवर दुसरबीडलाच. वसुबारस-धनत्रयोदशी पुण्यात आणि लक्ष्मीपूजनापासून पुढे गावी, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. आमचे वडील माळकरी. आमच्या घरात दारूचे नाव उच्चारले तरी चूळ भरण्याची पद्धत. मीही बँकेच्या निरोप समारंभापर्यंत सोडा-लिंबूच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. गेल्या वर्षी मात्र, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ऱ्हाइन नदीच्या काठी मी पहिला घोट घेतला. घेतला आणि, खोटे कशाला बोलू, मला तो फार आवडला.

चिरंजीव राहतात माइन्झला. हे शहर छापखान्याच्या गुटेनबर्गचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता तिथे पोचलो. त्यांची घरमालकीण ऐंशीच्या घरातल्या एक आजी. काठी टेकत जिना चढतात, पण चढतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले. आम्ही शाकाहारी, हे कळल्यावर त्यांनी कांद्याचा एक मोठा, चपटा, मऊसर असा पदार्थ केला होता. आपल्याकडच्या कांद्याच्या थालीपिठाचा दूरचा, पण खात्यापित्या घरातला भाऊ! तिकडे नव्या द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्याच्याबरोबर हा कांद्याचा प्रकार खायचा, अशी रीतच आहे. तो अर्धवट आंबलेला रस गढूळ, ताकासारखा दिसतो आणि सारखा फसफसत असतो; बाटलीचे झाकण घट्ट लावले तर बाटलीच फुटेल. सौ.ने ते पाहून ‘नासलंय वाटतं’ असे मराठीत म्हटले. आजींनी हसून मान डोलावली. त्यांना काय कळले कोण जाणे.

जेवणानंतर त्यांनी खरी बाटली काढली. उंच, सडपातळ, तपकिरी काचेची. ऱ्हाइनच्या बाटल्या परंपरेने तपकिरी आणि मोझेल नदीकाठच्या हिरव्या, हे ज्ञान मला नंतर झाले. पेल्याला लांब दांडी. आजींनी मला दांडीलाच धरायला शिकवले, कारण हाताची ऊब लागली की थंडपणा जातो. आतला पदार्थ फिकट सोनेरी, साजुक तुपाचे पातेले निथळल्यावर वर दिसतो तसा. नाकाशी नेला तर मध, अननस, लिंबाची साल. आणि चव? गोड, पण सरबतासारखी चिकट गोड नव्हे. गोडाच्या मागोमाग एक आंबट धार येते आणि जीभ धुऊन जाते, की लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. आमसुलाच्या साराला गूळ नेमका पडला म्हणजे जशी गंमत येते, तशी. रीसलिंग नावाच्या द्राक्षाची ही करामत. या द्राक्षात आंबटपणा मुळातच भरपूर असतो, म्हणून त्याला गोडी पेलते.

आजींनी एक पेला घेतला. त्यांच्या मुलाने घेतला, सुनेने घेतला. नातवंडांनी सफरचंदाचा रस घेतला. गप्पा झाल्या, आणि बाटलीत निम्मी उरलेली असताना आजींनी ती बूच लावून शीतकपाटात ठेवून दिली. मी हे पाहत राहिलो. उरलेली बाटली कुणी झाकून ठेवतो, हे दृश्य माझ्या अनुभवात नव्हते.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी आम्हाला आगगाडीने योहानिसबर्गला नेले. ऱ्हाइन तिथे पश्चिमेकडे वळते आणि उत्तर काठच्या टेकड्या दक्षिणेकडे तोंड करून ऊन खात बसलेल्या असतात. त्या थंड मुलुखात ऊन म्हणजे धन. टेकडीवर एक वाडा आहे आणि वाड्याच्या चौकात एका घोडेस्वाराचा पुतळा. मला वाटले, असेल कुणी सेनापती. तो निघाला जासूद!

त्याची गोष्ट अशी सांगतात. अठराव्या शतकात हे मळे फुल्डा येथील धर्माधिपतींच्या मालकीचे होते. त्यांची परवानगी आल्याशिवाय द्राक्षांना हात लावायचा नाही, असा दंडक. परवानगी आणायला दरसाल स्वार जाई. १७७५ साली हा स्वार वेळेवर परतलाच नाही. इकडे द्राक्षे पिकली, सुरकुतली, त्यांच्यावर बुरशी चढली. शेजारच्यांची तोडणी आटोपली, आणि हे आपले वाटेकडे डोळे लावून बसलेले! अखेर स्वार आला, तेव्हा त्या कुजकट घडांचेच मद्य करावे लागले. आणि ते निघाले असे अपूर्व, की तेव्हापासून मुद्दाम उशिरा तोडणी करण्याचा प्रघात पडला. अशा मद्याला नावच ‘श्पेटलेझे’, म्हणजे उशिराची तोडणी. सरकारी टपाल वेळेवर न आल्यामुळे कुणाचे भले झाल्याचे हे एकच उदाहरण माझ्या ऐकण्यात आहे.

यात चमत्कार काही नाही. ती बुरशी, बोट्रायटिस तिचे नाव, द्राक्षाच्या सालीला अतिसूक्ष्म भोके पाडते. दुपारच्या उन्हात त्यातून पाणी उडून जाते आणि आत साखर, आंबटपणा आणि स्वाद दाट होऊन राहतात. हवा सतत ओली राहिली तर हीच बुरशी सगळा मळा सडवते. सकाळी धुके आणि दुपारी ऊन, असा योग जुळावा लागतो. आमच्या नाशिककडचा बागाईतदार भुरी आणि डावणीच्या नावाने रात्र रात्र जागतो. त्याला ‘बुरशी येऊ द्या, बरी असते’ असे सांगायला जाण्याचे धाडस मी तरी करणार नाही. आणखी पुढचे प्रकारही आहेत : निवडक घडांचे, निवडक मण्यांचे, झाडावरच मनुका झालेल्या मण्यांचे. एक तर गोठलेल्या द्राक्षांचे. उणे सात अंश किंवा त्याखाली पारा उतरला की पहाटे अंधारात तोडणी करायची आणि गोठलेलीच पिळायची. पाण्याचा बर्फ चरकात राहतो आणि मधासारखा रस तेवढा ओघळतो. त्या बाटल्यांच्या किमती मी वाचल्या आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

गोडी राहते कशी, हेही सांगून टाकतो. द्राक्षाच्या रसातली साखर खाऊन किण्व तिचे अल्कोहोल करते. सगळी साखर खाऊ दिली तर मद्य कोरडे होते. मध्येच रस थंड करून, गाळून किण्वाला बाजूला काढले तर साखर उरते आणि अल्कोहोल कमी होते, म्हणून या गोड प्रकारांत ते अनेकदा आठ-नऊ टक्केच असते. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असते. हा फरक मी मनात पक्का नोंदवून ठेवला. पुढे वाद झालाच तर उपयोगी पडेल, असा माझा हिशेब होता.

तिथल्या शेतकऱ्याने गोडी मोजण्याचे यंत्र दाखवले, तेव्हा मात्र मी परदेशात आहे हे क्षणभर विसरलो. लिटरभर रस १०८५ ग्रॅम भरला तर त्याची गोडी ८५ अंश, असा त्यांचा हिशेब; एक्सले नावाच्या जर्मन कारागिराने तो बसवला. आमच्या दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना होता, पुढे तो बंद पडला. तो चालू होता त्या काळात उसाच्या फडात छोटी नळी डोळ्याला लावून उभा असलेला माणूस मी पाहिलेला आहे. उसाच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचा. अठरा-वीस भरला की तोडणीला हरकत नाही. हा ब्रिक्स म्हणजे तरी कोण? आडोल्फ ब्रिक्स, जर्मन गणिती! आणि एक्सलेचे ८५ अंश म्हणजे ब्रिक्सचे साधारण वीसच. ऱ्हाइनकाठचे द्राक्ष आणि आमचा ऊस गोडीला जवळजवळ बरोबरीचे निघाले. उसाची मात्र साखर होते आणि उरलेल्या मळीपासून अल्कोहोल. त्या अल्कोहोलची देशी दारू होऊन ती गावोगाव जाते. तिकडचा उशीर गोड झाला. आमच्याकडच्या गोडाचे काय झाले, ते आक्काला विचारावे. त्याकडे येतोच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी तळघरातून एक जुनी बाटली आणली. वीस वर्षांपूर्वीची. बूच उघडले आणि मला एकदम आमच्या दुसरबीडच्या ओसरीवरचा कंदील आठवला. चक्क रॉकेलचा वास! मी चिरंजीवांकडे पाहिले, ते हसू दाबत होते. जुन्या रीसलिंगला असा वास येतोच, आणि जाणकार तो गुण मानतात. प्यायलो. खाली मध होताच. मद्याच्या पेल्यातून मी माझ्या तिसरीच्या अभ्यासाला जाऊन आलो.

येताना दोन बाटल्या घेतल्या. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येते. दोन बाटल्यांचे दीड लिटर भरते. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. आम्ही बँकेतले लोक, कागद पूर्ण असल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. परवाना काढला. परवाना मिळतो तो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी, हे वाचून सौ. म्हणाली, “अहो, मग च्यवनप्राशाला का नाही लागत?”

पहिली बाटली धनत्रयोदशीला पुण्यात उघडली. शेजारचे एक जोडपे आले होते. तासभर शीतकपाटात ठेवलेली, आणि समोर सौ.चा फराळ. गृहिणींनी हे ध्यानात ठेवावे : अशा गोड मद्याबरोबर लाडू, करंजी, अनारसे ठेवू नयेत. खाद्य मद्यापेक्षा गोड झाले की मद्य आंबट आणि बापुडवाणे लागते. आम्ही पहिल्यांदा तीच चूक केली आणि शेजाऱ्यांनी सभ्यपणे ‘वा, छान’ म्हटले. मग सौ.ने भाजणीची चकली आणि मिरचीचा तिखट चिवडा पुढे केला, आणि काय सांगू! तिखटाचा चटका गोडी शमवते, तेलकटपणा आंबटपणा धुऊन नेतो. चकली, घोट, चकली, घोट. त्या संध्याकाळी चौघांत मिळून ती एक बाटली संपली आणि शेजाऱ्यांनी आयुष्यात प्रथमच एक गाणे म्हटले. बरे म्हटले.

कुणी म्हणेल, त्यासाठी जर्मनी कशाला? खरे आहे. आपल्याकडे नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फसफसणारे द्राक्षमद्य काढून परदेशी पाठवले होते. नाशिकला २००० सालापासून हा उद्योग फोफावला, आणि उशिरा तोडलेल्या चेनिन ब्लां द्राक्षाचे गोड मद्य तिथेही निघते. फक्त ऋतू उलटे. दिवाळीच्या सुमारास जर्मनीत तोडणी उरकत असते, तेव्हा नाशिकला गोडी छाटणी चाललेली असते. तिथली तोडणी संक्रांतीच्या पुढे. सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी मी विरोध करणाऱ्यांना मनातल्या मनात जुनाट म्हटले होते. मनातल्या मनात म्हणायला काय जाते!

दुसरी बाटली मी दुसरबीडला नेली.

का नेली, याचे नीट उत्तर मला अजून देता येत नाही. आजींच्या घरचे ते टेबल डोळ्यांसमोरून जात नव्हते, हे एक. सगळे घर एकत्र, पेला एकेक, आवाज चढलेला नाही. असे आपल्या घरीही एकदा व्हावे, असे मला वाटले. आमच्या घरात आता वडील नाहीत. घर आक्का चालवते.

आक्काबद्दल थोडे सांगायला हवे. तिचे यजमान, आमचे भाऊजी, देखणे आणि बोलघेवडे. ते एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, आणि कशाने गेले हे सगळ्या गावाला माहीत होते. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन ती माहेरी आली. येण्याआधी तिच्या सासरच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान झाले होते. आपल्याकडे तशी तरतूद आहे : गावातल्या बायकांनी मागणी करायची, मग मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आक्का चौथी शिकलेली. चित्रे नसती तरी तिने वाचले असते. सकाळी सातला रांगेत उभी राहिली. नंतर ती म्हणायची, “मी जल्मात एकदाच बाटलीले हात लावला, तो शिक्का माराले.”

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझी पिशवी उपसताना ती बाटली तिच्या हाती लागली.

“हे काय होय, बापू?”

मी सांगायला लागलो. द्राक्षाचा रस, फार सौम्य, आठ टक्के, तिकडे आज्यासुद्धा पितात. तिने सगळे ऐकून घेतले.

“कडू हाय का गोड?”

“गोड,” मी उत्साहाने म्हणालो.

“तुह्या भाऊजीले बी पयल्यांदा कोनं तरी गोडच हाय म्हनून देल्ली होती.”

मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. म्हणालो, “आक्का, बाळंतपणात तू दशमूलारिष्ट घेतलंस. खोकल्याला आपण द्राक्षासव घेतो. त्यातही आंबवलेलंच असतं की!”

“ते चमच्यानं घेतात. मोजून,” ती म्हणाली. “बाटलीनं नाई.”

टक्केवारीचा माझा सगळा हिशेब त्या चमच्यात बुडाला.

मग मात्र ती चुलीजवळ पाट घेऊन बसली आणि मला म्हणाली, आता सांग कसं करतात ते. मी घोडेस्वाराची गोष्ट सांगितली. ती तिला मनापासून आवडली. “झाडावर सुकलेलं बोर जसं गोड लागते, तसंच झालं हे,” म्हणाली. मी माइन्झच्या आजींचे सांगितले. तिचा अनारशाच्या पिठातला हात थांबला.

“ते म्हातारी एकच गिलास पेते?”

“एकच.”

“आन् मंग उरलेली ठिवून देते?”

“हो. मी पाहिलं ना.”

“कशी काय ठिवते?”

यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. तिने वीस वर्षे एक माणूस पाहिला होता, ज्याला ते जमले नाही, आणि ते कसे जमते याची कृती तिला माझ्याकडून हवी होती, जशी एखादी शेजारीण लोणच्याची विचारते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजींना मी मद्याबद्दल हजार गोष्टी विचारल्या होत्या, ही एक विचारायची राहिली.

दाराशी भाचा उभा होता. आता तेवीस वर्षांचा आहे, महामार्गाच्या बाजूला एका हॉटेलात हिशेब लिहितो, बापासारखाच देखणा. आक्काने त्याच्याकडे पाहिले नाही. आवाज खाली आणून मला म्हणाली, “तू मामा हाय त्याचा. तुहंच पायते थो.”

रात्री लक्ष्मीपूजन झाले. झेंडूची फुले, लाह्या-बत्तासे, जुन्या खतावण्यांना हळदकुंकू. भाच्याने अंगणभर पणत्या लावल्या. फराळ झाला. भाजणीची चकली तोंडात विरघळत होती आणि, कबूल करतो, एकदा माझे लक्ष कोठीघराकडे गेले. बाटली उघडली नाही.

झोपण्यापूर्वी आक्का दिवा घेऊन कोठीघरात गेली. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागे, जुने कंदील पडलेले असतात तिथे तिने जागा केली. “उभी ठिवू नको माह्या घरात,” म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने ती आडवी ठेवली.

मला हसू आवरले नाही. मी म्हटले, “आक्का, तिकडेही आडवीच ठेवतात. बूच ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर सुकून हवा शिरते.”

“मंग बरंच झालं,” ती म्हणाली, आणि दिवा घेऊन बाहेर आली.

यंदा महालक्ष्म्यांना गावी गेलो होतो. कोठीघरातून आरास काढताना पाहिले, बाटली तिथेच होती, पण तिला जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळलेले. धूळ बसते म्हणून, असे आक्का म्हणाली. मग जरा थांबून विचारले, “खराब त नाई ना होत?”

“नाही. वीस-वीस वर्षं टिकते. फक्त मग तिला रॉकेलचा वास येतो.”

आक्काने कंदिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मंग इतक्या दुरून कायले आनली? रॉकेल त पयले कार्डावर भेटत होतं!”